नॉन-कोडिंग आरएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे नेमके काय?

डीएनएवरून उतरवला जातो, पण ज्याच्यावरून प्रथिन तयार होत नाही असा आरएनए. शाळेत ‘डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन’ असा क्रम शिकवतात. तो एमआरएनएला, म्हणजे संदेशवाहक आरएनएला, बरोबर लागू पडतो. पण पेशीतले बरेचसे आरएनए कुणाचाही संदेश वाहत नाहीत. ते स्वतःभोवती घडी घालून, दुसऱ्या आरएनएला, डीएनएला किंवा प्रथिनाला चिकटून थेट काम करतात. काहींची लांबी २०-२२ न्यूक्लिओटाइड (साखळीचे दुवे) असते, काहींची कित्येक हजार. एवढ्या वेगवेगळ्या रेणूंना एकाच नावाखाली कोंबले आहे, हे पुढचे सगळे वाचताना लक्षात असू द्या.

पेशीत असा आरएनए किती असतो?

वजनाने मोजला तर जवळजवळ सगळाच. एकूण आरएनएपैकी साधारण ८० टक्के एकटा रायबोसोमचा (प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचा), म्हणजे आरआरएनए, आणि उरलेल्यातला मोठा वाटा टीआरएनएचा. ज्याची सर्वाधिक चर्चा होते तो एमआरएनए जेमतेम काही टक्के भरतो. मायक्रोआरएनए आणि दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए यांचे वजन तर नगण्य, तरी गेल्या तीस वर्षांत सर्वाधिक संशोधन त्यांच्यावरच झाले.

एकाच प्रकारच्या रेणूला इतकी वेगवेगळी कामे कशी जमतात?

दोन गुणांमुळे. पहिला गुण जोडी जमवण्याचा. आरएनएच्या साखळीतले ए, यू, जी, सी हे बेस समोरच्या साखळीतल्या ठराविक बेसशीच जुळतात. त्यामुळे वीस-बावीस बेसचा तुकडासुद्धा लाखो रेणूंच्या गर्दीत आपले लक्ष्य शोधू शकतो. हे काम प्रथिनाकडून करून घ्यायचे तर प्रत्येक लक्ष्यासाठी नव्या आकाराचे प्रथिन लागले असते. आरएनएच्या बाबतीत फक्त क्रम बदलला की झाले.

दुसरा गुण घडी घालण्याचा. साखळीतले बेस आपापसांतही जुळतात, त्यातून देठ, फास, खाचा तयार होतात, आणि त्या खाचांमध्ये कधीकधी रासायनिक अभिक्रियाही घडते.

खाली येणारी बहुतेक उदाहरणे पहिल्या गुणाची आहेत. पत्ता आरएनएकडे आणि हत्यार प्रथिनाकडे, ही कामाची वाटणी पेशीत इतक्या ठिकाणी दिसते की एकदा लक्षात आली की निम्मा विषय समजल्यासारखा आहे.

प्रथिने बनवताना या आरएनएचे काम काय?

प्रथिन बनते रायबोसोमवर. टीआरएनए प्रत्येक अमिनो आम्ल तिथे आणून पोचवतो. त्याचे एक टोक एमआरएनएवरची तीन बेसची खूण ओळखते, तर दुसऱ्या टोकाला योग्य अमिनो आम्ल लावलेले असते. रॉबर्ट हॉली यांनी यीस्टमधल्या एका टीआरएनएचा पूर्ण क्रम १९६५ मध्ये उलगडला. १९६८ चे नोबेल त्यांना हरगोबिंद खोराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत मिळाले.

अमिनो आम्ले एकमेकांना जोडतो कोण, हा प्रश्न मात्र बराच काळ अडून राहिला होता. रायबोसोममध्ये पन्नासहून अधिक प्रथिने असतात, तेव्हा त्यांपैकीच एखादे हे काम करत असणार असा समज होता. २००० मध्ये रायबोसोमची अणुपातळीवरची रचना हाती आली, आणि जिथे हा जोड होतो त्या जागेच्या आसपास प्रथिन नाहीच असे दिसले. जोडणी आरआरएनए करतो. जगातले प्रत्येक प्रथिन आरएनएच्या हातून बनते, असा याचा सरळ अर्थ. वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या रचनांसाठी मिळाले.

आरएनए रासायनिक अभिक्रिया घडवू शकतो हे त्याआधीच माहीत झाले होते. थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात स्वतःलाच कापून पुन्हा जोडणारा आरएनए दाखवला. पुढच्याच वर्षी सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने टीआरएनएची छाटणी करणाऱ्या विकरातला कापणारा भाग आरएनएचा असल्याचे सिद्ध केले. अशा आरएनएला रायबोझाइम म्हणतात. जीवसृष्टीच्या आरंभी आनुवंशिक माहिती आणि रसायनक्रिया ही दोन्ही कामे आरएनएच करत असावा, या कल्पनेला यातून मोठे बळ मिळाले.

स्प्लायसिंगमध्येही आरएनए असतो का?

हो. आपल्या बहुतेक जनुकांची कच्ची प्रत लांबलचक असते. तिच्यातले इंट्रॉन, म्हणजे मधले नको असलेले तुकडे, काढून टाकून उरलेले तुकडे सांधावे लागतात; यालाच स्प्लायसिंग म्हणतात. हे काम स्प्लायसोसोम करतो. त्यातले यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे पाच छोटे आरएनए कुठे कापायचे ते ओळखतात, आणि कापण्याची प्रत्यक्ष क्रियाही आरएनएच्याच गाभ्यात घडते.

केंद्रिकेत राहणारे आणखी काही छोटे आरएनए, ज्यांना स्नोआरएनए म्हणतात, आरआरएनएवर कोणत्या जागी रासायनिक बदल करायचा ते दाखवतात. बदल करणारे विकर ठरलेले असते, जागा आरएनए ठरवतो.

मायक्रोआरएनए इतके प्रसिद्ध का?

कारण त्यांनी जनुकांच्या नियंत्रणाचा एक पूर्ण स्तर उघड केला, आणि तो सापडला एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत. सी. एलिगन्स या कृमीच्या लिन-४ जनुकात बिघाड झाला की त्याची वाढ पहिल्या अळी-अवस्थेतच घोटाळते आणि त्याच अवस्थेची कामे पुन्हा पुन्हा होत राहतात. व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाने हे जनुक शोधून काढले, तेव्हा त्यातून प्रथिन बनतच नव्हते. बनत होता २२ न्यूक्लिओटाइडचा एक आरएनए. तिकडे गॅरी रुवकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. दोघांनी आपापले क्रम शेजारी ठेवले आणि छोटा आरएनए लिन-१४ च्या एमआरएनएच्या शेवटच्या भागाशी, अर्धवट का होईना, जुळताना दिसला. हे १९९३ चे काम.

त्यानंतर सात वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. कृमीची काहीतरी खासियत असेल, असे बहुतेकांना वाटले. २००० मध्ये रुवकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ हा दुसरा छोटा आरएनए जाहीर केला. त्याचा क्रम माशी, मासा आणि माणूस यांच्यात अक्षरशः तोच निघाला, आणि मग चित्र पालटले. अँब्रोस आणि रुवकुन यांना नोबेल मिळाले २०२४ मध्ये.

यंत्रणा अशी. मायक्रोआरएनएची कच्ची प्रत केसातल्या पिनेसारखी दुमडलेली असते. केंद्रकात ड्रोशा हे विकर तिला छाटते, पेशीद्रवात डायसर हे दुसरे विकर अंतिम तुकडा पाडते, आणि तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. तुकड्याच्या सुरुवातीचे दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे बेस ज्या एमआरएनएशी जुळतात, त्यावरून प्रथिन बनण्याचे काम मंदावते आणि तो एमआरएनए लवकर नष्ट होतो. इतकी छोटी जुळणी पुरत असल्याने एक मायक्रोआरएनए शेकडो एमआरएनएंवर परिणाम करू शकतो. माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुकांवर अशा जुळणीच्या, उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या खुणा आहेत.

बातम्यांमध्ये मायक्रोआरएनएला अनेकदा जनुकाचे बटण म्हणतात. ते मला पटत नाही. एका मायक्रोआरएनएमुळे एखाद्या प्रथिनाचे प्रमाण सहसा थोडेसेच, निम्म्याहूनही कमी फरकाने, बदलते. कृमीतले मायक्रोआरएनए एकेक करून काढून टाकले, तेव्हा बऱ्याच वेळा प्रयोगशाळेत काहीच फरक दिसला नाही. पण डायसरच काढून टाकले तर उंदराचा भ्रूण अगदी सुरुवातीलाच मरतो.

मायक्रोआरएनए आणि एसआयआरएनए यांत फरक काय?

मायक्रोआरएनए पेशीच्या स्वतःच्या जनुकातून येतो आणि अर्धवट जुळणीवर चालतो. एसआयआरएनए लांब दुहेरी आरएनएचे तुकडे होऊन बनतो, लक्ष्याशी पूर्ण जुळतो आणि लक्ष्य सरळ कापले जाते. दुहेरी आरएनए टोचला की कृमीतले नेमके त्या क्रमाचे जनुक गप्प होते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यांना नोबेल अवघ्या आठ वर्षांत, २००६ मध्ये मिळाले. वनस्पती आणि कीटक या यंत्रणेचा उपयोग विषाणूंशी लढण्यासाठी करतात, कारण अनेक विषाणूंची प्रत निघताना दुहेरी आरएनए तयार होतो.

पायआरएनए कशासाठी असतात?

आपल्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग उड्या मारणाऱ्या जनुकांचा, म्हणजे ट्रान्सपोझॉनचा, किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. जे अजून जिवंत आहेत ते शुक्रपेशी किंवा अंडपेशी घडताना उडाले, तर नुकसान पुढच्या पिढीत जाते. पायआरएनए हे छोटे आरएनए मुख्यतः याच पेशींत असतात. ते पिवी जातीच्या प्रथिनांना घेऊन ट्रान्सपोझॉनचा आरएनए शोधतात आणि नष्ट करवतात. ही प्रथिने नसलेले नर उंदीर वंध्य असतात.

दीर्घ नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय? त्यांचे सर्वांत भक्कम उदाहरण कोणते?

२०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब ते सगळे दीर्घ, अशी प्रचलित व्याख्या आहे. आकडा सोयीपुरता आहे. आता काही तज्ज्ञ ५०० ची मर्यादा सुचवतात.

उदाहरण द्यायचे तर एक्झिस्ट. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे, पुरुषाच्या पेशीत एक. हा असमतोल सोडवण्यासाठी सस्तन प्राण्यांच्या मादीत प्रत्येक पेशी एक एक्स बंद ठेवते, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. ते कसे घडते याचा धागा १९९१ मध्ये हाती आला. बंद होणाऱ्या एक्सवरूनच एक आरएनए निघतो, तोच एक्झिस्ट. त्याची लांबी उंदरात सुमारे १७ हजार आणि माणसात सुमारे १९ हजार न्यूक्लिओटाइड. तो केंद्रकाबाहेर जातच नाही, ज्या गुणसूत्रावरून निघाला त्याच्यावरच पसरतो आणि स्पेन (SPEN) नावाच्या प्रथिनासारख्या प्रथिनांना बोलावून तिथली जनुके बंद करायला लावतो. कोणता एक्स बंद व्हायचा हे भ्रूणाच्या सुरुवातीच्या पेशींत नशिबावर ठरते आणि पुढच्या सगळ्या वंशज पेशींत तसेच राहते. काळ्या आणि नारिंगी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादी असते ती यामुळेच, कारण नारिंगी रंगाचे जनुक एक्सवर आहे.

२०१३ मध्ये संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतल्या जादा २१ व्या गुणसूत्रावर एक्झिस्टचे जनुक बसवले, आणि ते अख्खे गुणसूत्र गप्प झाले. हे उपचार नाहीत. पण एका आरएनएमध्ये केवढी ताकद असू शकते याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

गंमत म्हणजे फळमाशीने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे. तिथे नराच्या एकुलत्या एक्सवर रॉक्स१ आणि रॉक्स२ हे आरएनए बसतात आणि त्याचे काम दुप्पट करवून घेतात.

टेलोमरेजचा उल्लेख या यादीत का येतो?

गुणसूत्रांची टोके प्रत्येक विभाजनात थोडी झिजतात. ती भरून काढणारे टेलोमरेज हे विकर जो नमुना पाहून डीएनए लिहिते, तो नमुना त्याच्याच आत बसलेल्या आरएनएमध्ये असतो. माणसात हा आरएनए ४५१ न्यूक्लिओटाइडचा आहे. त्याच्या जनुकात बिघाड असला तर अस्थिमज्जा अकाली थकण्याचा आनुवंशिक आजार होऊ शकतो.

जिवाणूंमध्येही असे आरएनए असतात का?

भरपूर. ई. कोलायमध्ये लोहाची टंचाई झाली की आरवायएचबी हा सुमारे ९० न्यूक्लिओटाइडचा आरएनए वाढतो आणि लोह वापरणाऱ्या बिनमहत्त्वाच्या प्रथिनांचे एमआरएनए नष्ट करवतो. असलेले लोह गरजेच्या जागी उरते.

क्रिस्पर हेही मुळात जिवाणूंचे संरक्षण. पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे जिवाणू आपल्या जनुकसंचात जपून ठेवतो, त्यांवरून छोटे आरएनए काढतो आणि ते कापणाऱ्या कॅस प्रथिनाला नेमका तोच विषाणू दाखवतात. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये यातल्या दोन आरएनएंचा एकच मार्गदर्शक आरएनए केला आणि जनुके संपादित करण्याचे साधन तयार झाले. आज प्रयोगशाळेत लक्ष्य बदलायचे तर प्रथिनाला हात लावावा लागत नाही, आरएनएचे वीसेक बेस बदलले की पुरते.

मग ‘जंक डीएनए’ ही कल्पना चुकीची ठरली का?

इथे दोन्ही बाजूंनी घाई होते. माणसाच्या ३०० कोटींहून अधिक बेसजोड्यांपैकी प्रथिनांची माहिती देणारा भाग दोन टक्क्यांहून कमी आहे. २०१२ मध्ये एन्कोड या मोठ्या प्रकल्पाने जनुकसंचाच्या ८० टक्के भागाला काही ना काही ‘जैवरासायनिक कार्य’ असल्याचे जाहीर केले, आणि जंक डीएनए संपला असे मथळे झळकले. पण त्या मोजणीत एखाद्या भागावरून थोडासा आरएनए निघाला किंवा तिथे एखादे प्रथिन चिकटले, तरी ते कार्य धरले गेले होते. उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी लगेच हरकत घेतली, आणि माझ्या मते ती रास्त होती. पेशीची प्रत काढणारी यंत्रणा शंभर टक्के काटेकोर नसते. ती कुठेही थोडेफार आरएनए उतरवत राहते. निव्वळ आरएनए निघतो म्हणून तो कामाचा ठरत नाही.

क्रम बिघडला तर जिवाला तोटा होतो का, ही कसोटी लावली तर नैसर्गिक निवडीने जपलेला भाग साधारण ८ ते ११ टक्के निघतो. म्हणजे प्रथिनांच्या भागाच्या कित्येक पट, पण ८० टक्क्यांपासून फार लांब. कांद्याच्या पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो, आणि तो सगळाच कामाचा आहे असे म्हणायचे तर कांद्याला एवढे काय करायचे असते, हेही सांगावे लागेल.

दीर्घ नॉन-कोडिंग आरएनएंच्या बाबतीत हा वाद सर्वांत जिवंत आहे. माणसात त्यांची २० हजारांहून अधिक जनुके नोंदली गेली आहेत, पण नीट तपासून कार्य सिद्ध झालेली मोजकीच. मॅलॅट१ चे उदाहरण बोलके आहे. हा आरएनए पेशीत विपुल, सस्तन प्राण्यांत जपलेला, कर्करोगाच्या संशोधनात सतत दिसणारा. तरी तो नसलेले उंदीर २०१२ मध्ये तयार केले तेव्हा ते धडधाकट निघाले. मायक्रोआरएनएंच्या यादीचेही तेच. माणसातल्या सुमारे १,९०० नोंदींना कडक निकष लावले की खात्रीचे पाचशेच्या आसपास उरतात.

‘नॉन-कोडिंग’ ठरवलेल्या आरएनएवरून कधी प्रथिन निघाले आहे का?

हो, आणि अशी उदाहरणे वाढत आहेत. जनुके शोधणारे जुने संगणकीय नियम १०० अमिनो आम्लांपेक्षा छोट्या प्रथिनांना सहसा वगळत. स्नायूंमधल्या एका दीर्घ नॉन-कोडिंग समजल्या गेलेल्या आरएनएवरून ४६ अमिनो आम्लांचे मायोरेग्युलिन बनते आणि ते कॅल्शियमची ये-जा नियंत्रित करते, हे २०१५ मध्ये कळले. फळमाशीत तर अवघ्या ११ अमिनो आम्लांचे कार्यरत पेप्टाइड सापडले आहे.

कोणत्या आजारांशी यांचा थेट संबंध सिद्ध झाला आहे?

‘अमुक मायक्रोआरएनए तमुक आजारात वाढलेला दिसतो’ असे शोधनिबंध हजारोंनी आहेत. वाढलेला असणे आणि कारण असणे यांत फरक आहे, म्हणून पुरावा पक्का असलेली मोजकीच उदाहरणे देतो. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या बऱ्याच रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब असतो. त्यात मिर-१५ए आणि मिर-१६-१ या मायक्रोआरएनएंची जनुके असल्याचे २००२ मध्ये दिसले. प्रेडर-विली सिंड्रोममध्ये वडिलांकडून आलेल्या १५ व्या गुणसूत्रावरचे स्नोआरएनए हरवलेले असतात. हेपटायटिस सीच्या विषाणूची गोष्ट तर विलक्षण: तो यकृतातल्या मिर-१२२ ला विरोध करत नाही, उलट स्वतःच्या आरएनएला चिकटवून घेऊन त्याच्या आधारे टिकतो.

यावर आधारित औषधे बाजारात आहेत का?

एसआयआरएनएची आहेत. पहिले पॅटिसिरॅन, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आनुवंशिक ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसमध्ये यकृतात बनणारे सदोष प्रथिन ते रोखते. इन्क्लिसिरॅन कोलेस्टेरॉलसाठी आहे आणि सुरुवातीच्या मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा टोचले जाते. या औषधांची भिस्त बहुतांशी यकृतावर आहे, कारण आरएनए तिथे पोचवणे सर्वांत सोपे. मेंदू, स्नायू, गाठी यांपर्यंत पोचवणे अजून कठीण आहे.

मायक्रोआरएनएची औषधे मागे राहिली. एका लक्ष्याऐवजी शेकडो लक्ष्यांवर परिणाम होतो, हे त्यामागचे एक कारण. कर्करोगासाठीची एक चाचणी रुग्णांत गंभीर प्रतिकारक प्रतिक्रिया उमटल्यामुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

कोविडच्या लसीतला आरएनए नॉन-कोडिंग होता का?

नाही. त्याच्यावरून विषाणूचे स्पाइक प्रथिन बनत असे, म्हणून तो एमआरएनए.

नेहमीच्या जनुकीय तपासणीत या आरएनएंमधले बिघाड सापडतात का?

बऱ्याचदा नाही. एक्सोम तपासणी मुख्यतः प्रथिनांची माहिती देणारे भाग वाचते. त्यामुळे काय निसटते ते २०२४ मध्ये दिसले. स्प्लायसोसोममधल्या यू४ चे आरएनयू४-२ हे जनुक मेंदूविकासाच्या विकारांचे एक महत्त्वाचे कारण निघाले. ज्यांचे निदान झाले नव्हते अशा कित्येक मुलांमध्ये एकाच छोट्या पट्ट्यातला बदल सापडला. त्यातला सर्वाधिक आढळणारा बदल एकाच जादा बेसचा आहे, आणि तो सहसा आईवडिलांत नसतो, मुलात नव्याने झालेला असतो. संपूर्ण जनुकसंच वाचला तर तो दिसू शकतो. एक्सोमचा अहवाल कोरा आला असेल आणि कारण अजून हवे असेल, तर जनुकीय सल्लागाराला संपूर्ण जनुकसंच तपासणीबद्दल आणि त्यात आरएनयू४-२ पाहिले जाते का, हे विचारावे.